मांसासाठी घरी ससे पाळायचे असतील तर: दोन माद्या, एक नर आणि सशाचं पोट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चार माणसं, परसात थोडी जागा, मांसासाठी ससे पाळायचे आहेत. सुरुवात सहा माद्यांनी करावी का? ससे आपोआप वाढतात हे खरं का? दूध तोडल्यावर पिल्लं पटापट मरतात असं का सांगतात? आणि मुलांना लळा लागला तर काय? मी १५ वर्षं घरापुरते ससे पाळते आहे. चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमच्या क्रमानं देता येणार नाहीत, कारण एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याकडे शेवटी येते.

आधी आकडा. सहा नको, दोन माद्या आणि एक नर घ्या. मध्यम जातीची मादी घरगुती पद्धतीनं वर्षाला चार-पाच वेतं आरामात देते. वेताला सात-आठ पिल्लं झाली तरी हाताशी येणारी सहा धरा. म्हणजे दोन माद्यांची मिळून वर्षाला ५० ते ६० पिल्लं. चांगलं खाद्य मिळालं तर पिल्लू १० ते १२ आठवड्यांत २ किलोच्या आसपास भरतं, आणि सोलून साफ केल्यावर निम्म्याहून थोडं जास्त वजन हाडांसकट हातात येतं. म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक ससा, किलोभर मांस. सहा माद्या म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर ससे; त्यांचे पिंजरे, त्यांचं खाद्य, रोजची साफसफाई आणि दर आठवड्याला तीन ससे कापण्याचं काम. नवशिक्या माणसाचा ससा सोडण्याचा दिवस बहुतेक इथेच उगवतो. जनावर भरभर वाढणारं आहे म्हणून पाळणाऱ्यानंही भरभर वाढवायला जायचं नाही.

एक मादी एक नर घेऊ नका, तेही सांगते. दोन माद्या एकाच दिवशी नराला दाखवल्या की त्या एक-दोन दिवसांच्या फरकानं वितात. एकीला बारा पिल्लं झाली आणि दुसरीला चार, तर तीन-चार पिल्लं उचलून दुसरीकडे ठेवता येतात. मादीला सड आठ ते दहा असतात, बारा पिल्लं ती पोसू शकत नाही. एखादी मादी मेली किंवा तिनं पिल्लांकडे पाठ फिरवली तरी पिल्लांना दुसरी आई असते. पिल्लं दोन-तीन दिवसांच्या आतली असली की दुसरी मादी ती सहसा आपली म्हणून घेते. माझी कित्येक वेतं या एका सवयीमुळे वाचली आहेत.

जातीबद्दल फार डोकं शिणवू नका. न्यूझीलंड व्हाइट आणि कॅलिफोर्नियन या मांसासाठी सर्वत्र चालणाऱ्या जाती. दोन्ही अमेरिकेत तयार झाल्या. न्यूझीलंड व्हाइटचा त्या देशाशी संबंध नावापुरताच आहे. प्रौढ जनावर ४ ते ५ किलोचं, अंगानं भरीव, हाड बारीक. फ्लेमिश जायंटसारखे राक्षसी ससे पाहून मोह होतो, पण त्यांचं पिल्लू आधी हाड वाढवतं आणि मांस उशिरा धरतं, खाद्य मात्र पहिल्या दिवसापासून जास्त लागतं. गरम हवेत तर मोठं शरीर हा तोटाच. शुद्ध जातीच्या कागदापेक्षा ज्यांच्याकडून आणाल त्यांना एवढंच विचारा: हिच्या आईनं मागच्या तीन वेतांत किती पिल्लं दूध तुटेपर्यंत जगवली? ज्यांच्याकडे याची नोंद नाही त्यांच्याकडून जनावर घेऊ नये. घेताना समोरचे दात बघा. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे आणि नीट घासणारे हवेत. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. वाकडे बसले तर वाढून तोंडात घुसतात आणि जनावर उपाशी मरतं. हा दोष बऱ्याचदा वंशातून येतो. पुढच्या पायांचे पंजे आतल्या बाजूनं चिकट, लोकर गुंतलेली दिसली तर तो ससा सर्दीचं नाक पंजानं पुसतो आहे असं समजा आणि परत फिरा. ती सर्दी तुमच्या सगळ्या पिंजऱ्यांत फिरेल.

जागेचं म्हणाल तर प्रत्येक मोठ्या जनावराला स्वतंत्र पिंजरा. मादीचा पिंजरा साधारण ९० बाय ७५ सेंटिमीटर आणि ४५ सेंटिमीटर उंच. पिल्लांसाठी तेवढेच आणखी दोन. तळाला वेल्ड केलेली जाड तारेची जाळी, भोक साधारण १२ बाय २५ मिलिमीटरचं, म्हणजे लेंडी खाली पडते आणि पाय अडकत नाही. कोंबड्यांची षटकोनी पातळ जाळी तळाला कधीही नको. तिनं पाय कापतात, आणि कुत्रा ती एका रात्रीत फाडतो. जाळीवर एका कोपऱ्यात फळीचा तुकडा ठेवा, ससा त्यावर बसतो. नाहीतर जड जनावरांच्या मागच्या तळपायांना जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. पिंजरा जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, वर छप्पर, बाजूनं वारा खेळता पण थेट झोत नाही. साप, उंदीर, मुंगूस, मांजर, भटकं कुत्रं, सगळ्यांना सशाचं पिल्लू हवं असतं. कुत्रं नुसतं पिंजऱ्याभोवती रात्रभर फिरलं तरी घाबरलेली मादी खोक्यात उड्या मारून स्वतःचीच पिल्लं तुडवते.

उचलण्याबद्दल दोन वाक्यं, कारण यात जनावरं फुकट जातात. कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि जनावर आपल्या अंगाला टेकलेलं. सशाचे मागचे पाय इतके ताकदीचे आणि कणा इतका हलका असतो की अधांतरी लटकवून झटका दिला तर तो स्वतःच्याच लाथेनं स्वतःची कंबर मोडून घेतो.

आता पोटाकडे येते. ससा कळला असं मला वाटलं ते त्याचं पोट कळल्यावर. गवत खाणाऱ्या गायीला चार कप्प्यांचं पोट असतं आणि ती रवंथ करते. सशाला साधं एकच पोट, पण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते आणि तिच्यात जिवाणू चारा आंबवतात. आंबवून झालेला मऊ, चिकट, द्राक्षांच्या घोसासारखा भाग ससा बहुतेक रात्री किंवा पहाटे बाहेर टाकतो आणि तिथल्या तिथे तोंड लावून परत खातो. त्यातून त्याला जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. हे पहिल्यांदा पाहिलं की लोकांना आजार वाटतो. ते त्याचं रवंथच समजा. कडक गोल लेंड्या वेगळ्या, त्या तो खात नाही. मऊ घोस पिंजऱ्याच्या तळाशी तसाच पडलेला दिसू लागला तर खाद्य जास्त पौष्टिक होतं आहे किंवा जनावर अस्वस्थ आहे, असं धरायचं.

ही आंबवण्याची पिशवी चालती राहते ती तंतूंवर, म्हणजे लांब काडीच्या वाळलेल्या गवतावर. गवत पोटात ढकलणी करतं. धान्य, पाव, भात, उरलंसुरलं अन्न हे पिष्ट अंधांत्रात जाऊन पडलं की तिथले चांगले जिवाणू मागे पडतात, वाईट वाढतात, त्यांचं विष तयार होतं आणि ससा एका रात्रीत फुगतो किंवा हगवणीनं जातो. म्हणून गवत चोवीस तास समोर हवं, कमी पडता कामा नये. त्याच्या जोडीला सशांसाठी बनवलेलं गोळी खाद्य, प्रथिनं १६ ते १८ टक्के. रिकाम्या मादीला आणि नराला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम पुरे. जास्त दिलं तर चरबी चढते आणि चरबी चढलेली मादी गाभण राहात नाही. दूध पाजणाऱ्या मादीला आणि (दूध तोडण्याच्या आसपासचे आठवडे सोडले तर) वाढत्या पिल्लांना मात्र हात आखडू नका, हवं तेवढं खाऊ द्या. हिरवा चारा, लसूणघास, पानं जरूर द्या, पण सकाळी कापून सावलीत थोडा सुकवलेला. ढीग करून ठेवलेला, आतून गरम झालेला चारा विषासारखा आहे. बटाटा आणि टोमॅटोचा पाला, कांदा, लसूण, अवाकाडोची पानं हे टाळा.

निव्वळ चाऱ्यावर ससे वाढत नाहीत का? वाढतात, मी दोन वर्षं करून पाहिलं. पिल्लांना त्याच वजनाला यायला १४ ते १६ आठवडे लागतात आणि रोज चारा आणण्याचे कष्ट पडतात. चारा विविध असेल, कापायला वेळ असेल तर हे नक्की करावं. पहिल्या वर्षी मात्र गोळी खाद्य आणि गवत यांवर शिका.

पाणी विसरू नका. पाणी संपलं की ससा खाणं थांबवतो आणि पोट बसतं. दूध पाजणारी मादी पिल्लांसकट दिवसाला लिटरच्या वर पाणी संपवते. चोचीची बाटली लावली असेल तर रोज बोट लावून बघा, चोच अडकलेली बाहेरून दिसत नाही.

आणि आता दूध तोडल्यावर पिल्लं का मरतात ते. प्रौढ सशाच्या जठरात आम्ल इतकं तीव्र असतं की आलेले जिवाणू तिथेच मरतात. पित्या पिल्लाच्या जठरात तेवढं आम्ल नसतं. त्याचं रक्षण आईच्या दुधातली काही मेदाम्लं करतात. दूध तोडलं की हे कवच गेलं, आणि स्वतःचं आम्ल पूर्ण तयार झालेलं नाही. मधला काळ उघडा. नेमक्या त्याच आठवड्यात आपण काय करतो? पिल्लं आईपासून काढतो, नव्या पिंजऱ्यात टाकतो, खाद्य बदलतो, आणि लवकर वजन यावं म्हणून पोटभर गोळ्या घालतो. पिल्लू मरतं ते या सगळ्या घाईनं.

माझ्या पहिल्या वर्षी चार आठवड्यांवर दूध तोडलेली नऊ पिल्लं सहा दिवसांत गेली. त्यानंतर मी हे बदललं. दूध पाच आठवड्यांच्या आधी तोडत नाही, अशक्त वेत असेल तर सहा. पिल्लं हलवायची नाहीत, आईलाच दुसऱ्या पिंजऱ्यात न्यायचं. पिल्लांना तोच वास, तीच बाटली, तेच भांडं राहतं. दूध तोडण्याआधी एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे खाद्यात काहीही नवं नाही. गोळ्या एकदम पोटभर न देता सकाळ-संध्याकाळ मोजून, गवत मात्र भरपूर. नवा चारा सुरू करायचा तो चिमटीनं, सात ते दहा दिवसांत वाढवत. रोज सकाळी पिंजऱ्याखाली बघायचं: लेंड्या कोरड्या, गोल, एकसारख्या आहेत ना. एखादं पिल्लू कोपऱ्यात कुबड काढून, दात करकरत बसलेलं दिसलं तर त्या पिंजऱ्यातल्या गोळ्या त्याच क्षणी बंद, फक्त गवत आणि पाणी. एवढं केल्यावर माझ्याकडे दूध तोडल्यानंतरचे मृत्यू क्वचित होतात.

याच वयात दुसरा शत्रू रक्ती हगवण. ती आणणारा आतड्यातला सूक्ष्म परजीवी म्हणजे कॉक्सिडिया. त्याची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या रोग लावत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की दोनेक दिवसांत पिकतात. म्हणून कोरडेपणा हे यावरचं पहिलं औषध. गळकी बाटली, ओला कोपरा, जमिनीवर टाकलेलं गवत यांतून तो पसरतो. याचाच एक प्रकार यकृतात बसतो. ससा कापल्यावर यकृतावर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसतात. ते यकृत फेकून द्या. हा जीव माणसाला लागत नाही, बाकी मांस चांगलं असेल तर खायला हरकत नाही.

औषधांबद्दल एक कडक सूचना. सशाला पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे देऊ नका. माणसाच्या किंवा गुरांच्या उरलेल्या गोळ्या तर नाहीच. ही औषधं अंधांत्रातले चांगले जिवाणू मारतात आणि ससा आजारापेक्षा औषधानं मरतो. सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला आधीच गाठून ठेवा. कुठलंही औषध दिलं तर मांसासाठी किती दिवस थांबायचं हेही त्यांनाच विचारा. खरूज त्यांच्याकडून लगेच बरी होते: कानात तपकिरी पापुद्रे आणि सारखं डोकं हलवणं ही कानाची खरूज, नाक, ओठ, पंजे यांवर पांढरट खपल्या ही दुसरी, ती हाताळणाऱ्या माणसालाही खाज आणते. काही आजार मात्र हातात राहत नाहीत. आरएचडी (रॅबिट हेमोरॅजिक डिसीज) नावाचा विषाणूजन्य आजार १९८४ मध्ये चीनमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. त्यात धडधाकट प्रौढ ससा काही लक्षण न दाखवता मरून पडतो. तुमच्या भागात हा आजार असेल आणि लस मिळत असेल तर टोचून घ्या. बाहेरून आणलेलं जनावर महिनाभर वेगळं ठेवायचं आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी करायचं, हा नियम मोडू नका.

ससे आपोआप वाढतात का? नाहीत. वेळ तुम्ही ठरवायची. मध्यम जातीची मादी साडेपाच-सहा महिन्यांची, नर सहा-सात महिन्यांचा झाल्याशिवाय जोडी लावू नये. सशाच्या मादीला गायीसारखा ठरावीक माज नसतो. अंडी समागमानंतर सुमारे दहा तासांनी सुटतात. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीकडे कधी नाही. आपल्या जागेत ती त्याला चावून फाडते. तयार असेल तर मिनिटभरात काम होतं, नर एका कुशीवर कोसळतो, कधी किंचाळतो. योनी फिकट असेल तर ती बहुधा घेणार नाही, लालसर-जांभळट असेल तर घेईल. त्याच दिवशी काही तासांनी पुन्हा एकदा न्या, गाभण राहण्याची शक्यता वाढते. तारीख लगेच पिंजऱ्याला लावलेल्या कार्डावर. मनात लक्षात राहील असं समजू नका.

बाराव्या दिवसाच्या आसपास पोटावरून हलका हात फिरवला तर द्राक्षाएवढे घट्ट मणी लागतात. हे शिकायला मला वर्ष लागलं, आणि तोवर लेंड्यांनाच पिल्लं समजत होते. दाब देऊ नका, नाही कळलं तर नाही. गर्भकाळ ३१ दिवसांचा, एखादा दिवस इकडेतिकडे. २८ व्या दिवशी विण्याचं खोकं ठेवायचं: साधारण ४५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, २५ उंच, आत मऊ कोरडं गवत दाबून भरलेलं. लवकर ठेवलं तर ती त्यात घाण करते, उशीर झाला तर जाळीवर विते आणि पिल्लं गारठतात. विण्याच्या आधी मादी छातीपोटाची लोकर उपटून अंथरूण करते. सतराव्या-अठराव्या दिवशीच लोकर उपटू लागली तर तो खोटा गर्भ असतो, मादी पुन्हा दाखवता येते.

विल्यानंतर हात धुऊन खोक्यात बघा. हात लावला की मादी पिल्लं टाकते हा समज पाळीव सशाच्या बाबतीत खोटा आहे. उलट मेलेलं पिल्लू आत राहिलं तर बाकीची खराब होतात. मादी पिल्लांजवळ बसलेली दिसत नाही म्हणून घाबरू नका. ती दिवसातून एकदाच, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. पिल्लांची पोटं बघा: गोल, टम्म, तुकतुकीत म्हणजे प्यायली आहेत, सुरकुतलेली, खपाटीला गेलेली म्हणजे नाही. खोक्याबाहेर पडलेलं पिल्लू मादी तोंडात धरून परत ठेवत नाही, ते तुम्हीच ठेवायचं. आणि गार पडलेलं पिल्लू मेलं असं ठरवण्याआधी ते हाताच्या ओंजळीत, अंगाशी धरून ऊब द्या. दगडासारखी गार वाटलेली पिल्लं अर्ध्या तासात हलायला लागलेली मी पाहिली आहेत.

पहिलटकरणीचं पहिलं वेत वाया गेलं तरी तिला दोष देऊ नका. मी तीन वेतं संधी देते. तिसऱ्यालाही तेच झालं तर ती मादी कितीही देखणी असली तरी ठेवत नाही. पिल्लांचे डोळे दहा-बारा दिवसांत उघडतात, तीन आठवड्यांची झाली की बाहेर येऊन गवत कुरतडू लागतात, तेव्हा खोकं काढून टाका. मादीला पुन्हा नराकडे पिल्लं पाच आठवड्यांची झाल्यावर. मोठ्या व्यावसायिक फार्मवर विल्यानंतर अकराव्या दिवशी मादी पुन्हा नराला दाखवतात. घरी तसं करायला गेलात तर मादी वर्षभरात झिजते. तीन महिन्यांच्या वर ठेवायची असतील ती नर-माद्या वेगळी करा, नाहीतर नर एकमेकांना नको तिथे चावतात आणि माद्या लहान वयात गाभण राहतात.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मुद्दाम. ससा थंडी सोसतो, ऊन सोसत नाही. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला कान आणि श्वास एवढीच साधनं. ३० अंशांच्या वर तो त्रासात असतो, ३५ च्या वर जिवावर बेततं, त्यातही भरल्या दिवसांची मादी सगळ्यात आधी. माझी अशीच एक मादी दुपारी तीन वाजता गेली. सकाळी पिंजऱ्यावर सावली होती, दुपारी ऊन फिरलं, मी बघायला गेले नव्हते. छप्पर उन्हाचा दिवसभराचा प्रवास बघून बांधा. पाणी गोठवलेल्या बाटल्या पिंजऱ्यात आडव्या ठेवा, ससे त्यांना टेकून पडतात. कान ओल्या फडक्यानं पुसा. आणि कडक उन्हाळ्यात नराचं वीर्य निकामी होतं, नवं तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. उन्हाळा उतरल्यावर माद्या गाभण राहात नाहीत तेव्हा लोक मादी बदलतात. दोष बहुतेक नराच्या गेलेल्या उन्हाळ्याचा असतो. त्या महिन्यांत वेत धरूच नका.

मुलांचं सांगते. माझ्या मुलांपासून आम्ही पहिल्या दिवशीही काही लपवलं नाही. नर आणि माद्या यांना नावं होती, त्यांना कुरवाळायचं, त्यांच्यावर जीव लावायचा. पिल्लांना नावं नाहीत, आणि ती कशासाठी वाढत आहेत हे मुलांना माहीत. धाकटी एकदा एका करड्या पिल्लावर अडून बसली. आम्ही ते ठेवलं, आणि ती आमची सर्वांत चांगली मादी निघाली. अशी एखादी सवलत द्यावी. पण ससा पळून गेला असं खोटं सांगून ताटात वाढू नका. मुलांना कळतं आणि मग तुमच्यावरचा विश्वास जातो. एखादं मूल खाणार नाही म्हणालं तर जबरदस्ती नको.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. ससा मारायचा कोणी? वर लिहिलेलं सगळं चुकत शिकता येतं, हे चुकत शिकायचं नाही, कारण चुकीची किंमत जनावर भोगतं. माझा पहिला ससा मी वर्णनं वाचून मारायला गेले. हात कचरला, घाव अर्धवट बसला, त्याला दुसऱ्यांदा मारावं लागलं. ते अजून मला चांगलं वाटत नाही. त्यानंतर मी एका जाणत्या बाईंकडे जाऊन चार वेळा नुसतं पाहिलं, मग त्यांच्यासमोर त्यांच्या हाताखाली केलं. मान एका झटक्यात खेचून कणा तोडणं ही पद्धत लहान-मध्यम सशाला योग्य, पण हात बसलेला हवा. किंवा कानांमागे, कवटीच्या मागच्या भागावर जड दांड्याचा एकच नेमका घाव, आणि लगेच मान कापून रक्त काढणं. डोळ्याच्या बुबुळाला बोट लावल्यावर पापणी हलत नाही आणि लयीत श्वास चालत नाही, म्हणजे शुद्ध गेली आहे. पाय काही वेळ झटकत राहतात, ती नसांची हालचाल असते. पापणी हलली तर क्षणाचाही विलंब न करता पुन्हा. दुसऱ्या सशांसमोर मारू नका, आदल्या रात्रीपासून खाद्य काढून घ्या, पाणी ठेवा, आणि जनावर शेवटपर्यंत शांतपणे हातात धरलेलं असू द्या.

सोलायला सराव झाल्यावर दहा मिनिटं लागतात. पोट उघडताना सुरी आतल्या बाजूला टोक न करता वर धरून चालवा, म्हणजे आतडी आणि मूत्राशय फुटत नाही. यकृतावरची हिरवट पित्ताची पिशवी फुटली तर मांस कडू होतं, ती यकृताचा थोडा तुकडा सोबत घेऊन कापा. पोटाच्या पडद्याला वाटाण्यासारखे पारदर्शक फोड चिकटलेले दिसले तर ती कुत्र्याच्या पट्टकृमीची पिल्लं असतात. ती काढून टाका, माणसाला लागत नाहीत, पण आतडी-काळीज कच्चं कुत्र्याला कधी घालू नका, नाहीतर तेच चक्र पुन्हा तुमच्या चाऱ्यावर येतं. चारा जिथून कापता तिथे कुत्री घाण करत असतील तर जागा बदला.

मांस लगेच शिजवायला घेऊ नका. मेल्यानंतर स्नायू ताठरतात, त्या वेळी शिजवलं तर चिवट लागतं. स्वच्छ धुऊन, निथळून, झाकून फ्रिजमध्ये एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन दिवस ठेवा, मग शिजवा किंवा गोठवा. सशाच्या मांसात चरबी फार कमी, म्हणून मोठ्या आचेवर ते सुकतं. झाकून, ओलाव्यात, मंद आचेवर शिजवावं. म्हाताऱ्या मादीला तर दोन तास द्या. चरबी नसल्यानं नुसत्या सशाच्या मांसावर दिवस काढता येत नाहीत. जेवणात तेल, तूप, धान्य यांची जोड हवी. सशांच्या लेंड्या भाजीच्या वाफ्याला उत्तम. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना घालायच्या तर आधी कुजवून घ्या.

तेव्हा जाळी विकत आणण्याआधी हे करा: जवळपास कोणी ससे पाळत असेल त्यांच्याकडे कापण्याच्या दिवशी जा आणि हाताखाली उभे राहा. घरातलं दुसरं मोठं माणूसही सोबत न्या, कारण आजारपणात किंवा बाहेरगावी असताना हे काम त्यांच्यावर येणार आहे. घरी आल्यावर दोघांचंही उत्तर हो असेल तर दोन माद्या आणि एक नर आणा. आणल्यावर पहिले १५ दिवस मादी नराला दाखवू नका. जुन्या मालकाकडून त्यांचं नेहमीचं खाद्य दोन आठवडे पुरेल इतकं मागून घ्या आणि तेवढ्या दिवसांत त्यांना हळूहळू तुमच्या खाद्यावर आणा.